केळं न घालता केळ्याचा वास: जर्मन बीअर आहे तरी काय?

सप्टेंबर उजाडला की जर्मनीतल्या म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टचे, म्हणजे तिथल्या बीअरच्या जत्रेचे, व्हिडिओ फोनवर फिरायला लागतात. लिटरभराचे काचेचे मग, एका हातात सहा-सहा मग घेऊन धावणाऱ्या बायका, वर फेसाचे ढग. शिवाय गव्हाच्या बीअरच्या बाटल्या आता काही फक्त पुण्या-मुंबईपुरत्या राहिलेल्या नाहीत. रावेर-सावद्याकडच्या माणसानं अशी अस्सल जर्मन बाटली फोडली आणि नाक जवळ नेलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "याच्यात केयी टाकेल हाये का, भो?"

नाही. केळी नाही, केळ्याचं इसेन्स नाही, काहीही नाही. पण वास मात्र खराच केळ्याचा आहे. पिकलेल्या केळ्याला वास देणारा एक मुख्य पदार्थ असतो, आयसोअमाइल अॅसिटेट. तोच पदार्थ, अगदी तोच रेणू, त्या बीअरमध्ये असतो. तो तिथे आला कसा, हे एकदा कळलं की जर्मन बीअरचं बरंचसं कोडं सुटतं.

मी केळी पिकवणाऱ्या चेंबरवर काम करतो. रात्रपाळीला दर थोड्या वेळानं तापमान बघायचं, नोंद करायची, बाकी वेळ मोकळा. त्या वेळात घरी बीअर बनवणाऱ्या अमेरिकन मंडळींचे पॉडकास्ट कानात चालू असतात. सुरुवातीला निम्मं डोक्यावरून जायचं. मग लक्षात आलं, ही माणसं माझ्याच धंद्याचं बोलताहेत: खोली किती थंड ठेवायची, कधी वाढवायची, आतला माल किती तापतो. तेव्हापासून सोडलं नाही.

आधी मोड, मग बाकी सगळं

जर्मन बीअरमध्ये चारच गोष्टी असतात: धान्य, पाणी, हॉप्स आणि यीस्ट. धान्य बहुतेक वेळा जव, म्हणजे आपलं सातू. ते भिजवतात, चार-पाच दिवस मोड आणतात आणि मग गरम हवेवर वाळवतात. या मोड काढून वाळवलेल्या धान्याला मॉल्ट म्हणतात. नंदुरबारकडे बाळासाठी नागलीचं सत्त्व करताना नागलीला मोड आणून, वाळवून दळतात, तीही हीच क्रिया. कोंब फुटताना धान्याच्या आत एन्झाइम जागी होतात. पिठूळ भागाची साखर करणं हे त्यांचं काम.

मॉल्ट भरडून साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की ती साखर पाण्यात उतरते. खालच्या बाजूला ठेवलं तर बीअर कोरडी आणि हलकी होते, वरच्या बाजूला ठेवलं तर अंगानं भरीव आणि किंचित गोडसर. पाच-सात अंशांत चव बदलते. या गोड पाण्याला वॉर्ट म्हणायचं. त्यात अजून थेंबभरही दारू नाही.

सातपुड्यातल्या मोहाला हा सगळा खटाटोप लागत नाही, कारण मोहाचं फूल मुळातच गोड असतं. भिजवलं की आंबायला लागतं. धान्यात साखर नसून स्टार्च असतो, म्हणून हा मोडांचा वळसा. दुसरा फरक असा की मोहाची दारू आंबवल्यावर भट्टीवर चढवून तिची वाफ थंड करून घेतात. बीअरमध्ये ते अजिबात करत नाहीत. आंबलं, मुरलं, की झालं.

मॉल्ट वाळवताना आच किती दिली यावर बीअरचा रंग ठरतो. हलकी आच दिली तर पिवळी, जास्त दिली तर तांबूस, त्याहून जास्त दिली तर जवळजवळ काळी. काळी बीअर म्हणजे कडक बीअर, हा आपल्याकडचा समज इथेच गळून पडतो. रंगाचा आणि नशेचा काही संबंध नाही. म्युनिकची काळपट 'डुंकेल' पाच टक्के अल्कोहोलच्या आसपास असते आणि पावाच्या कडेसारखी लागते. उलट चक्क सोनेरी दिसणारी 'माइबॉक' सहा-सात टक्क्यांची असते.

हॉप्स म्हणजे गांजाच ना?

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. हॉप्स आणि गांजा वनस्पतिशास्त्राच्या एकाच कुळात बसतात. पण हॉप्समध्ये गांजाची नशा देणारा घटक नाही. ती एका वेलीची हिरवी, शंकूसारखी फुलं. म्युनिकच्या उत्तरेला हालरटाऊ नावाचा पट्टा आहे, तिथे उंच खांबांना तारा बांधून या वेली चढवलेल्या असतात. जगातल्या सगळ्यात मोठ्या हॉप्स-पट्ट्यांपैकी तो एक. फुलं वॉर्टमध्ये तासभर उकळली की कडवटपणा उतरतो. तो नसता तर बीअर सरबतासारखी गोड लागली असती. शिवाय हॉप्स बऱ्याच नकोशा जिवाणूंना वाढू देत नाहीत, हा मोठा फायदा.

१५१६ चा तो प्रसिद्ध कायदा

जर्मन बीअरच्या बाटलीवर पुष्कळदा १५१६ हे साल छापलेलं असतं. २३ एप्रिल १५१६ या दिवशी बव्हेरियाचा (म्युनिक ज्यात येतं तो जर्मनीचा दक्षिणेकडचा प्रांत) ड्यूक चौथा विल्हेल्म यानं इंगोलश्टाट गावी फर्मान काढलं: बीअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी, याशिवाय काही घालायचं नाही. आज याला 'शुद्धतेचा कायदा' म्हणून मिरवतात.

माझं मत विचाराल तर तो शुद्धतेपेक्षा रेशनिंगचा हुकूम जास्त वाटतो. त्यात आधी येतात ते भाव: हिवाळ्यात एका मापाला एक फेनिग (तिथलं नाणं), उन्हाळ्यात जास्तीत जास्त दोन. आणि फक्त जव वापरा म्हटलं की गहू आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) आपोआप पाववाल्यांसाठी शिल्लक राहतात. गव्हाची बीअर करण्याचा हक्क एका सरदार घराण्याकडे होता. १६०२ मध्ये तो राजघराण्यानं स्वतःकडे घेतला आणि त्यावर बक्कळ पैसा केला. सामान्यांना बंदी, सरकारला मुभा. ही गोष्ट काही फक्त आपल्याकडेच घडते असं नाही.

गंमत अशी की त्या यादीत यीस्टचं नाव नाही. यीस्ट म्हणजे साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करणारी एकपेशी बुरशी. आंबण्याच्या वेळी वर फेस येतो, खाली गाळ बसतो, मागच्या खेपेचा गाळ नव्या खेपेत घातला की काम लवकर होतं, एवढं ब्रुअरना, म्हणजे बीअर बनवणाऱ्यांना, माहीत होतं. पण हा गाळ जिवंत आहे आणि तोच आंबवतो, हे लुई पाश्चरनं ठामपणे मांडायला १९ वं शतक उजाडलं. १८८३ मध्ये एमिल ख्रिश्चन हान्सेन यानं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. म्हणजे बीअरमधल्या ज्या जिन्नसावर सगळ्यात जास्त चव अवलंबून आहे, तोच शेकडो वर्षं कुणाला माहीत नव्हता.

विरजणाचा हिशोब

एकाच म्हशीचं दूध शेजारच्या दोन घरांत विरजलं तरी दही सारखं लागत नाही. एकीकडचं विरजण आंबट, दुसरीकडचं गोड. थंडीत पातेलं गव्हाच्या डब्यात ठेवावं लागतं, मे महिन्यात दुपारपर्यंतच आंबून जातं. दूध तेच, फरक विरजणाचा आणि उबेचा. वॉर्ट आणि यीस्टचं नातं हुबेहूब असंच आहे, आणि जर्मन बीअरचे बहुतेक प्रकार या दोन गोष्टींच्या जोरावर वेगळे झाले आहेत.

ढोबळ मानानं यीस्टची दोन घराणी. एक उबेत काम करणारं, साधारण १५ ते २४ अंशांत. त्यापासून होणाऱ्या बीअरला एल म्हणतात. दुसरं थंडीत, साधारण ८ ते १३ अंशांत, संथपणे काम करणारं. त्यापासून लागर. आंबून झाल्यावर लागर शून्याच्या आसपास कित्येक आठवडे मुरवतात. उबेत वाढणारं यीस्ट फळांसारखे वास देणारे पदार्थ जास्त बनवतं. त्यांना एस्टर म्हणतात. थंडीतलं यीस्ट ते कमी बनवतं, म्हणून लागर स्वच्छ, मोकळी लागते आणि त्यात धान्य आणि हॉप्सच समोर येतात.

आता केळ्याकडे. बव्हेरियाच्या गव्हाच्या बीअरला हेफेवायझन म्हणतात. तिच्यात निम्म्याहून कमी गव्हाचं मॉल्ट चालत नाही. तिचं यीस्ट खास असतं: ते आयसोअमाइल अॅसिटेट भरपूर बनवतं आणि सोबत लवंगेचा वास देणारा आणखी एक पदार्थ. तापमान वाढवलं की केळं पुढे येतं, कमी ठेवलं की लवंग. वॉर्ट करताना आधी ४३-४५ अंशांवर थोडा वेळ थांबलं तर लवंगेचा कच्चा माल जास्त सुटतो. म्हणजे केळ्याचा मसाला किती आणि लवंगेचा किती, हे ब्रुअर थर्मामीटरवर ठरवतो.

इथे माझ्या चेंबरची एक गोष्ट सांगायलाच हवी. केळी पिकायला लागली की स्वतःच उष्णता सोडतात. खोलीतला काटा १७ दाखवत असतो, पण फण्यांच्या मधोमध सळई घातली तर आकडा वर गेलेला असतो. म्हणून आम्ही हवेचं नाही, गराचं तापमान बघतो. आंबणारी बीअरही अशीच तापते. पिंपातलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी सहज वर असतं. पॉडकास्टमध्ये नवख्या माणसाची हमखास तक्रार असते, "खोली तर बरोबर थंड होती, मग बीअर बिघडली कशी?" उत्तर एकच येतं: थर्मामीटर पिंपाला चिकटवा.

थंडीच्या या गरजेतूनच इतिहास घडला. उन्हाळ्यात बीअर नासायची म्हणून १५५३ मध्ये बव्हेरियात २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बीअर बनवायलाच बंदी घातली गेली. मग मार्चमध्ये जरा कडक बीअर करून तळघरात बर्फात ठेवायची आणि उन्हाळाभर पुरवायची. तिचं नावच मेर्झेन, मार्चची. तळघरं थंड राहावीत म्हणून वर चेस्टनटची झाडं लावली, सावलीत लोक बसायला लागले, त्यातून बीअर गार्डन उभी राहिली. पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यानं शीतयंत्र बनवलं, तेही म्युनिकच्या ब्रुअरीच्या मदतीनं. आपल्याकडची शीतगृहं, केळीचे चेंबर, सगळ्यांचं गोत्र कुठेतरी तिथे जाऊन मिळतं. भुसावळच्या ४५ अंशांत लागर मिळते ती त्या यंत्राच्या कृपेनं.

आणि लागरचं यीस्ट आलं कुठून? ते संकरित आहे. त्याचा एक पालक म्हणजे पावाचं, एलचं नेहमीचं यीस्ट. दुसरा पालक कोण हे बराच काळ गूढ होतं. २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात झाडांवरच्या गाठींत ते थंडी सोसणारं रानटी यीस्ट सापडलं. नंतर तिबेटमध्येही आढळलं.

पाण्याचं काय?

बोअरच्या पाण्यानं नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो, तेच जड पाणी. म्युनिकचं पाणी असंच चुनखडीचं. अशा पाण्यात फिकट मॉल्ट आणि जास्त हॉप्स घेतले तर कडवटपणा घशाला खरखरतो. गडद मॉल्ट किंचित आम्ल असतं, ते पाण्याला सांभाळून घेतं. म्हणून म्युनिकला डुंकेल फुलली. बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) पिल्झेन गावचं पाणी अगदी हलकं. तिथे १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरनं सोनेरी लागर केली, तीच पिल्सनर. आज जगभर 'बीअर' म्हटल्यावर जो पिवळा ग्लास डोळ्यांपुढे येतो, तो तिचाच वंशज. म्युनिकवाल्यांनी उत्तर द्यायला १८९४ उजाडलं: 'हेलेस', कमी कडवट, जरा धान्याळ. मला स्वतःला पिल्सनरपेक्षा हेलेस आवडते. जेवणाबरोबर ती भांडत नाही. शेवभाजीच्या तिखटावर कडवट पिल्सनर म्हणजे आगीत तेल.

आणखी दोन-तीन, ज्यांची ओळख हवीच

कोलोनची कोल्श उबेत आंबवून मग थंडीत मुरवतात, म्हणून एलही वाटते आणि लागरही. ती २०० मिलीच्या उभट, सडपातळ ग्लासात येते. ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो. नको असेल तर ग्लासावर बिअरमॅट, म्हणजे ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती, ठेवायची. थाळीवर आडवा हात धरल्याशिवाय वाढप्या थांबत नाही, ते आपल्याला नवीन नाही. शेजारच्या ड्युसेलडॉर्फची आल्ट तांबूस आणि कडवट. दोन्ही गावांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही.

बाम्बेर्गची राउखबीअर म्हणजे धुराची बीअर. मॉल्ट बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. पहिला घोट घेतल्यावर पुष्कळ जण तोंड वाकडं करतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत खाणाऱ्यानं तसं करू नये. लाकूड जळताना सुटणारे धुराचे घटक इथेही तेच काम करतात.

लाइपझिगची गोझ आंबट असते, तिच्यात मीठ आणि चक्क धणे असतात. मग १५१६ च्या कायद्याचं काय? प्रादेशिक परंपरा म्हणून तिला सूट आहे. आणि १९८७ मध्ये युरोपीय न्यायालयानं ठरवलं की या कायद्याच्या नावाखाली बाहेरच्या देशांची बीअर अडवता येणार नाही. एक घोळ इथेच मिटवू: संत्र्याची साल आणि धणे घातलेली जी गव्हाची बीअर आपल्याकडे जास्त दिसते, ती बेल्जियन पद्धतीची. हेफेवायझन नव्हे. तिच्यात केळं शोधू नका.

मग घरीच करून बघू का?

अमेरिकेत घरी बीअर करणं कायदेशीर होण्याची वाट जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्यानं मोकळी झाली. पॉडकास्टमधले लोक बिनधास्त बोलतात ते त्याच्या आधारावर. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय कोणतंही मद्य बनवणं गुन्हा आहे. बादलीभर बीअर "फक्त घरच्यासाठी" केली तरी. मायक्रोब्रुअरीला, म्हणजे बीअरच्या छोट्या कारखान्याला, परवाना मिळतो, तुमच्या गच्चीला नाही. नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर तर अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे, चार पावलं चुकली की विकतची बाटलीसुद्धा गुन्हा ठरते. तेव्हा ऐका, समजून घ्या, विकत मिळते ती चाखा. बनवायचं डोक्यातून काढा.

"पण ऐकून नुसतं काय उपयोग?" क्रिकेट ऐकणारे सगळे कुठे रणजी खेळतात?

बीअरनं मुतखडा पडतो म्हणतात

आपल्या भागात उन्हाळा कडक, मुतखड्याचे पेशंट भरपूर, आणि प्रत्येक गल्लीत हा सल्ला देणारा एक तरी काका असतो. बीअरनं लघवी जास्त होते हे खरं. पण खडा विरघळत नाही, आणि अल्कोहोल अंगातलं पाणी बाहेर काढतं. जे काम व्हायचं ते साध्या पाण्यानं होतं. खड्यानं दुखत असेल तर डॉक्टर.

"बीअर म्हणजे काय दारू थोडीच" हेही एकदा मोजून बघू. ५ टक्क्यांची अर्धा लिटर हेफेवायझन घेतली तर त्यात २५ मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलीचा पेग घेतला तर साधारण तेवढंच. आपल्याकडची ८ टक्क्यांची 'स्ट्राँग', ६५० मिलीची बाटली म्हणजे ५२ मिली, दोन पेग. मोड आणलेलं धान्य, जर्मन परंपरा, यातलं काहीही हा हिशोब बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण निर्धोक धरता येत नाही. जे घेत नाहीत त्यांनी चवीच्या नादानं सुरू करावी असं मी म्हणणार नाही.

पॉडकास्ट ऐकायचे तर

'बेसिक ब्रूइंग रेडिओ' २००५ पासून चालू आहे, इंग्रजी सरळ आणि सावकाश. सुरुवात तिथून करावी. एखादा प्रकार निवडा, समजा हेलेस, आणि त्यावरचेच भाग ऐका. सगळीकडून थोडं थोडं ऐकलं तर नुसते शब्द गोळा होतात. गॅलन आणि फॅरनहाइट डोक्याला ताप देतात, त्याला इलाज नाही. ६८ फॅरनहाइट म्हणजे २० अंश सेल्सिअस, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच निभावतं.

या मंडळींत ठाम मतं फार. कुणी म्हणतं लागर थंडच आंबवली पाहिजे, कुणी म्हणतं काही फरक पडत नाही. 'ब्रुलॉसफी' नावाची एक टोळी असले वाद चाचणी घेऊन तपासते. तीन ग्लास ठेवायचे, दोनांत एक बीअर, तिसऱ्यात दुसरी, आणि चाखणाऱ्यानं वेगळा ग्लास ओळखायचा. ग्लास रंगीत, म्हणजे डोळ्यांना फसवाफसवी नको. पुष्कळदा जाणकारांनाही फरक ओळखता येत नाही, आणि मग पुढच्या भागात तावातावानं खुलासे सुरू होतात. तो भाग चुकवू नये.

ही चाचणी घरी करायला बीअरच पाहिजे असं नाही. दोन दुकानांचा चहा, दोन गिरण्यांचं तेल, काहीही चालतं. कोणत्या ग्लासात काय आहे हे माहीत असलेला माणूस खोलीबाहेर ठेवा, उत्तर कागदावर लिहून घ्या आणि आधी बोलू देऊ नका. नुसत्या अंदाजानं तिघांत एक बरोबर येतोच. म्हणून सहा जण असाल तर निदान पाच जणांनी वेगळा ग्लास ओळखला पाहिजे. चौघांनी ओळखला तर तो योगायोग असण्याची शक्यता अजून बरीच आहे.